हरणांसाठी पेरलेला वाल

शेजारच्या शेतकऱ्याने कुंपणापलीकडून सांगितलं की ओढ्याकाठच्या तुकड्यात तो यंदा हरणांसाठी पेरणी करणार आहे. मी ते बाबांना मराठीत सांगितलं, त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. बाबांना इंग्रजी येत नाही असं नाही. कृषी खात्यात सगळी नोकरी झाली, अहवालाचं इंग्रजी ते माझ्यापेक्षा बरं लिहितात. पण हे वाक्य काही त्यांच्या गळी उतरेना.

“हरणांपासून वाचवाले काही पेरतो म्हणते का तो?”

“नाही बाबा. हरणांनी खावं म्हणून पेरतोय.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

बाबांनी शेजाऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. सत्तरीच्या आसपासचा, उंच, उन्हाने ओठ कायमचे फुटलेले, बोलताना टोपी मागे सारणारा माणूस. वेडा दिसत नव्हता. “विचार त्याले,” बाबा म्हणाले, “हरणांनी अर्ज केला होता का?” हे मी भाषांतर केलं नाही.

बाबांना एवढं नवल का वाटलं ते मला कळत होतं. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी जंगल शेताला लागून आहे. हरभऱ्याला घाटे धरले की रोही, म्हणजे नीलगायी, येतात, तुरीत रानडुकरं घुसतात, आणि हरणांचा कळप एका रात्रीत उगवतं सोयाबीन जमिनीसरसं करून जातो. म्हणून तिथे जागल असते. शेतात चार खांबांवर मचाण बांधायचं आणि रात्रभर वर बसून टिनाचे डबे बडवायचे, आरोळ्या मारायच्या. बाबांचं पोरपण त्या मचाणावर गेलं. अभ्यास तिथेच, झोपही तिथेच, जमली तेवढी. नोकरीत लागल्यावर त्यांनी गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना जनावरांपासून पीक कसं राखायचं तेच सांगितलं. आणि इथे एक माणूस हसत हसत सांगत होता की तो हरणांसाठी ताट वाढणार आहे.

आम्ही ऑस्ट्रेलियात टूवूंबापासून अर्ध्या तासावर राहतो. मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नवरा कोळसा खाणीवर इंजिनिअर, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. गावाबाहेरचं हे घर आम्ही हौसेने घेतलं, मागे थोडी जमीन, त्यामागे ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडे शेजाऱ्याचं मोठं शेत. तो लसूणघास लावतो आणि त्याचे गठ्ठे करून गुरंवाल्यांना विकतो. हौस पहिल्या वर्षी फिटली. नंतर राहिली ती शांतता, आणि ती माझ्या स्वभावाला मानवत नाही. मला बोलायला लागतं.

आई गेली त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. बाबा गावी एकटेच होते. मी भांडून, रडून, शेवटी तिकीटच काढून त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावलं होतं. सहा महिने हे फक्त सांगायला. मला ते कायमचे इथे हवे होते. ते विमानतळावरून घरी पोचायच्या आधी मी गाडीतच विषय काढला होता, आणि ते खिडकीबाहेर बघत म्हणाले होते, “बघू.” त्यानंतर मी तुरीची डाळ आणली, मागेपुढे होणारी खुर्ची आणली, मराठी चॅनेल लावून दिले, लायब्ररीतल्या म्हाताऱ्यांच्या चालण्याच्या ग्रुपमध्ये नाव घातलं. प्रत्येक गोष्टीवर उत्तर एकच, “बघू.” चॅनेल ते बघत नसत. ग्रुपमध्ये एकदा गेले आणि आल्यावर म्हणाले, हे लोक कुठे जायचं नसताना चालतात.

म्हणून हरणांच्या पेरणीची गोष्ट ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर ते नवल उमटलं, तशी मी ताबडतोब शेजाऱ्याला म्हटलं, माझ्या वडिलांना बरोबर घ्याल का? त्यांना शेतीतलं कळतं.

“नो वरीज,” शेजारी म्हणाला. “शनिवारी अरवोला पाठव.” अरवो म्हणजे दुपार.

शनिवारी दुपारी मीही गेले. कुतूहल मलाही कमी नव्हतं. शेजाऱ्याने गाडीतून बियाण्याची पिशवी काढली, बाबांनी त्यात हात घातला, आणि मुठीतलं बी उन्हात धरून मला हाक मारली.

“अवं, हा वाल आहे!”

खरंच वाल होता. काळसर, कडेला पांढरी रेघ असलेला. आम्ही ज्याच्या शेंगांची वांग्यात घालून भाजी करतो, तो वाल इथे गुरांचा चारा म्हणून पेरतात, आणि शेजाऱ्याच्या अनुभवाने हरणांना तो गुरांहून जास्त आवडतो. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी माझ्या मध्यस्थीशिवाय शेजाऱ्याशी बोलायला सुरुवात केली. बियाण्याला चोळायचं जिवाणूंचं पाकीट त्यांनी ओळखलं. ते म्हणाले, गुळाच्या पाण्यात कालवलं की नीट चिकटतं. मी घरून गूळ आणला. शेजाऱ्याने गुळाचा एक खडा तोंडात टाकला, मग दुसरा टाकला, आणि बियाण्याला लागेल तेवढा शिल्लक ठेवला हे नशीब. पुढे बाबांनी दोरी लावून सरळ ओळी पाडायचा आग्रह धरला. शेजारी म्हणाला, मेट, हरणांना ओळी सरळ नसल्या तरी चालतील. बाबांना ते पटलं नाही. अर्धा तुकडा दोरीने पेरला गेला आणि अर्धा मशीनने फेकून. उगवला दोन्हीकडे सारखाच. तो विषय बाबांनी पुन्हा काढला नाही.

त्याच आठवड्यात आईचं वर्ष होतं. गावी असतो तर विहारात वंदना झाली असती, भंतेजी आले असते, पुण्यानुमोदनाला अख्ख्या वस्तीचं जेवण झालं असतं. कोणाला तरी पोटभर खायला घालणं हा त्यातला मोठा भाग. इथे ब्रिस्बेनहून ओळखीची दोन कुटुंबं आली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि सगळ्यांनी येताना आपापला डबा आणला होता. जाताना उरलेलंही वाटून नेलं. बाबा दारात उभं राहून गाड्या जाताना बघत होते.

“हे काही जेवण घातल्यासारखं नाही वाटलं,” ते म्हणाले.

मग दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी सांगितलं. ओढ्याकाठचा वाल त्यांनी आईच्या नावाने धरला होता. “तिकडं आयुष्यभर आपण जनावरायले हाकलत आलो. तुह्या आईले ते आवडत नव्हतं. ती म्हणे, त्यायनं खावाचं काय मग? आता हे तिच्या नावाचं. येतीन, खातीन, जातीन.”

मी म्हटलं, शेजाऱ्याला सांगू का? ते म्हणाले, त्याले कशाले सांगाचं.

आता लिहिताना वाटतं, त्याच वेळी एक साधा ‘कशासाठी?’ विचारला असता तर? मी तर प्रश्न विचारण्यासाठी बदनाम आहे. लॅबमध्ये नवी मशीन आली की ती बसवणारा माणूस माझ्यापासून लपतो. पण हा प्रश्न मला सुचलाच नाही. इथले लोक अंगणात पक्ष्यांसाठी पाणी ठेवतात, जखमी कांगारूंची पिल्लं पिशवीत घालून वाढवतात. त्यातलंच हे काहीतरी, असं मी धरून चालले. शेजाऱ्याला वाटलं, हे सांगायची गरजच नाही. आम्हाला वाटलं, हे विचारायची गरजच नाही.

वाल वाढला. शेजाऱ्याने मधोमध एका ठिकाणी तारेच्या जाळीचं कमरेएवढं गोल कडं उभं केलं. बाबा चक्रावले. चार झाडांना कुंपण आणि बाकी रान मोकळं? हे मात्र मला चटकन कळलं, कारण आम्ही लॅबमध्ये तेच करतो. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा एक नमुना बाजूला ठेवायचा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे. जाळीच्या आत हरणाचं तोंड पोचत नाही. आतला वाल किती वाढला ते बघायचं, बाहेरचा किती उरला ते बघायचं, आणि मधला फरक म्हणजे हरणांचं जेवण. बाबांना ही युक्ती फार आवडली. रोज सकाळी उठून, माकडटोपी घालून, गुडघ्यांना बाम चोळून ते ओढ्याकाठी जायचे, जाळीतला वाल बघायचे, बाहेरचा बघायचे, सगळ्या तुकड्याला फेरी मारायचे, एखादं तण उपटायचे, तिथेच आडोशाला जाऊन यायचे आणि मग घरी चहाला. संध्याकाळी पुन्हा.

फरक मात्र दिसेना. आत जेवढा वाल तेवढाच बाहेर. डिसेंबरात सुरू झालेला इथला उन्हाळा सरत आला, शेंगा लागल्या, आणि हरणांनी एका पानाला तोंड लावलेलं नव्हतं. ती येत नव्हती असंही नाही. तुकड्याच्या कडेने झाडीत खुरांचे ठसे होते, ताज्या लेंड्या होत्या. येत होती, कडेला थांबत होती आणि परत जात होती. मला या कोड्याने झपाटलं. शेजारी म्हणाला, कोणाची तरी कुत्री सुटत असतील. बाबा म्हणाले, खत चुकलं. मी मातीचा नमुना लॅबमध्ये नेऊन आम्लता तपासली, त्यावर सुपरवायझरने भुवया उंचावल्या, आणि माती उत्तम निघाली. मार्च सरताना झाडीतून एक आवाज यायला लागला, खोल, खर्जातला, संपता संपत नसलेला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “आत चाल. वाघ आहे.” तो माजावर आलेला नर होता. इथे दिसणारं तांबडं हरीण आपल्या सांबराएवढं असतं आणि त्या दिवसांत असं ओरडतं. शेजाऱ्याने हे सांगितल्यावर बाबा स्वतःवरच हसत सुटले. आई गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. आता “बघू”चा “बरं” होणार असं मला वाटायला लागलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी शेजाऱ्याने तुकड्याच्या टोकाला लोखंडी शिडी आणि वर बसायची जागा असलेला एक सांगाडा उभा केला. आम्ही शेंगा तोडायला गेलो होतो. बाबांनी ते बघितलं आणि शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली.

“मचाण!” ते म्हणाले, आणि मी नको नको म्हणेपर्यंत शिडीने वर चढून बसले. वरून त्यांनी सगळं रान बघितलं, पाय हलवले, मला फोटो काढायला लावला. मग शेजाऱ्याला विचारलं, स्वतःच्या इंग्रजीत, की जागल कोण करणार, आणि हरणांना खायलाच बोलावलंय तर जागल कशाला?

शेजाऱ्याला प्रश्न कळला नाही. त्याने दोन्ही हात उचलून बंदूक धरल्यासारखे केले आणि एक डोळा मिटला.

“खाताना खाली मान घालून उभी राहतात, मेट,” तो सरळपणे म्हणाला. “इथून नेम चुकत नाही.”

बाबा वरच बसून राहिले. मी शेजाऱ्याला विचारलं, म्हणजे हे सगळं त्यासाठी? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होता, हीच बाई लॅबमध्ये काम करते ना? मग त्याने शांतपणे सगळं सांगितलं. ही हरणं इथली नाहीत, बाहेरून आणून सोडलेली आहेत. ओढ्याचे काठ तुडवून काढतात, त्याच्या लसूणघासाची वाट लावतात. गेल्या हिवाळ्यात तिन्हीसांजेला एक नर रस्त्यावर आला आणि त्याच्या बायकोची गाडी त्याच्यावर आदळली. ती बाई आता वॉकर घेऊन चालते, मी तिला पाहिलंय. शिवाय रानटी हरणांना नुसतं खायला घालणं इथे चालत नाही, मारण्यासाठी जवळ आणायचं असेल तरच चालतं. तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचं चुकतही नव्हतं.

बाबा खाली उतरले आणि माझी वाट न बघता घरी निघून गेले.

नवऱ्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. “अगं, ऑफकोर्स शूटिंगसाठीच असणार. तुला काय वाटलं, अन्नछत्र?” मी फोन ठेवून दिला. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण मला अन्नछत्रच वाटलं होतं.

बाबांशी मी शेजाऱ्याच्या बाजूने भांडले. मला भीती वाटत होती म्हणून भांडले. ही एक गोष्ट त्यांना इथे धरून होती आणि ती माझ्या डोळ्यांदेखत सुटत होती. मी म्हटलं, बाबा, तुम्ही मटण खाता. सावजी रश्श्यासाठी तुम्ही नागपूरला गाडी वळवता. मग हे काय?

“मी कुठं म्हणतो मारू नको?” बाबा म्हणाले. “त्याचं पीक आहे, त्याची बायको आहे, मारन तो. आमच्याकडंही मारत. पण जेवाले बोलवून? पानावर बसवून, घास तोंडात असताना? आन् तेही तुह्या आईच्या नावाचं पान.”

त्या दिवसापासून बाबांनी ओढ्याकाठी जाणं बंद केलं. खुर्चीत बसायचे, टीव्ही न लावता. एकदा मला विचारलं, मेमधलं तिकीट नक्की आहे ना?

आठवडाभराने मीच कुतूहल न आवरून मागे जाऊन आले, आणि धावत घरी येऊन बाबांना ओढत नेलं. जाळीच्या आतला वाल माझ्या कमरेपर्यंत होता, दाट, जांभळ्या फुलांचा. बाहेरचा, झाडीकडच्या अर्ध्या तुकड्यात, घोट्याएवढाही नव्हता. नुसत्या काड्या. शेंडे, पानं, शेंगा, सगळं साफ, आणि खुरांचे ठसे तुकड्याच्या मधोमध. इतके महिने जो फरक आम्ही शोधत होतो तो एका आठवड्यात समोर उभा होता.

मी बघत राहिले, आणि उत्तर सापडल्याचा तो लॅबमधला आनंद मला आधी झाला, हे कबूल करते. या आठवड्यात एकच गोष्ट बदलली होती. बाबा आले नव्हते. त्यांची सकाळ-संध्याकाळची फेरी, बामाचा वास, आडोशाला जाणं, याच गोष्टींनी हरणं कडेला अडत होती. महिनोन्‌महिने त्यांनी त्या तुकड्याची नेमाने जागल केली होती. पेरलं हरणांसाठी आणि राखलं हरणांपासून. सवय जाते कुठे?

बाबांनाही ते माझ्याबरोबरच कळलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग मचाणाकडे बघितलं. वर अजून कोणी बसलं नव्हतं. शेजारी पुढच्या आठवड्यात बसणार होता.

“म्हणजे मी फक्त इथं फिरत राहिलो की झालं,” बाबा म्हणाले. “कोणाले कळणारही नाही.”

मी म्हटलं, मग फिरा ना. मला तर हा तोडगा एकदम पसंत पडला. कोणी दुखावलं जात नव्हतं आणि बाबांना रोजचं काम परत मिळत होतं. पण बाबा तिथून थेट शेजाऱ्याच्या शेडकडे चालायला लागले. मी मागे.

शेजारी ट्रॅक्टरखाली होता. तो बाहेर येऊन हात पुसेपर्यंत बाबा थांबले. मग त्यांनी सांगितलं, सावकाश, शब्द जुळवत. की हरणं येत नव्हती ती माझ्यामुळे. मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. हे शेत मी माझ्या मृत पत्नीच्या नावाने पेरलं आहे, त्यांना जेवण म्हणून. तुम्ही त्यांना इथे मारणार असाल तर मी रोज इथे फिरणार. मी तुम्हाला सांगून फिरणार. जमीन तुमची आहे, मला नको म्हणा, मग मी येणार नाही.

शेजाऱ्याने टोपी काढली. मला वाटलं, बाबांचं इंग्रजी त्याला कळलं नाही, आणि मी भाषांतर करायला तोंड उघडलं. त्याने हातानेच मला थांबवलं.

“मारावी तर लागतील, मेट,” तो बाबांना म्हणाला. “पण इथेच मारली पाहिजेत असं नाही.”

दोघांनी मिळून तो सांगाडा उचलून लसूणघासाच्या कुंपणाशी नेला. तिथे नेम धरायला वाईट, असं तो वाटेत दोनदा म्हणाला. उरलेल्या वालात त्याने एका गिऱ्हाईकाची गुरं सोडली, म्हणजे हरणांना चारल्यासारखं होणार नाही आणि वालही वाया जाणार नाही. बाबा कुंपणाला टेकून गुरांचं खाणं बघत राहिले. मी हळूच म्हटलं, बाबा, ही गुरं पण शेवटी…

“माहीत आहे मले,” बाबा म्हणाले. “गप राय.”

पुढे एका संध्याकाळी कुंपणाकडून बंदुकीचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने मांडीचा तुकडा आणून दिला, संकोचाने, टोपी हातात घेऊन. बाबांनी विचारलं, कुठे? तो म्हणाला, लसूणघासात. बाबांनी मान हलवली आणि दुपारी स्वतः मसाला भाजून रस्सा केला. मला वाटलं होतं ते खाणार नाहीत. दोनदा वाढून घेतलं, आणि मांस जरा कोरडं आहे म्हणाले.

तिकिटाचे दिवस जवळ आले होते. घरामागच्या व्हरांड्यात आम्ही जाळीतला वाल सोलत बसलो होतो आणि मी पुन्हा सुरू केलं. इथे डॉक्टर चांगले आहेत. मी हॉस्पिटलमध्येच असते. हवा स्वच्छ आहे, शेजारी आता मित्रच झालाय, हिवाळ्यात ओट पेरणार म्हणतोय, तुम्हाला विचारत होता. तिकडे एकटे पडाल, पडलात-झडलात तर कोण बघणार?

बाबांनी सोलणं थांबवलं नाही. “डाळ आणली. खुर्ची आणली. टीव्ही लावला. आता डॉक्टर आणि ओट,” ते म्हणाले. “माह्यासाठी किती पेरून ठेवशीन तू? खातो ना मी, सगळं खातो. पण काहून, ते तर एकदा सांग.”

“काहून म्हणजे? तुमच्यासाठीच चाललंय ना सगळं!” माझा आवाज चढला.

“माह्यासाठी नको सांगू. माह्यं मी पाहून घेईन. चार जण आहेत गावात. तुले काय पाहिजे?”

मी चिडून उठणार होते. मला चिडणं सोपं जातं. पण हातात शेंगांची परात होती, ती ठेवायला जागा दिसेना, आणि उठता आलं नाही. मग मी बोलले. म्हटलं, बाबा, मला करमत नाही. आई होती तोवर रोज लॅबला जाताना फोन असायचा. आता मी गाडीत एकटीच बोलते. घरी येऊन भिंतींशी बोलते. हे खाणीवर असतात. तुम्ही आल्यापासून घरात कोणीतरी खोकतं, कोणीतरी दार वाजवतं. तुम्ही जाऊ नका. मला तुम्ही हवे आहात. हे बोलताना मी हमसून हमसून रडत होते, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

बाबांनी परात माझ्या हातातून घेतली.

“मंग हे पयले सांगाचं होतं ना, पोरी,” ते म्हणाले. “मी समजलो, तुले माही काळजी आहे.”

ते पुन्हा शेंगा सोलायला लागले. मग म्हणाले, तिकीट आहे तर जातो, घर मोकळं करून येतो. शेत चुलतभावाकडे लावून देतो. भांडी ज्याला पाहिजे त्याला देतो.

“तुह्या आईच्या साड्यायचं कपाट मी अजून उघडलं नाही,” ते म्हणाले. “तू फोनवर पाय. मी एकेक करून दाखवतो. कोणत्या ठेवाच्या ते तू सांग.”

मी म्हटलं, “सगळ्या.”